पित्ताच्या नळीतला जंत

"हे हलतंय," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पित्ताच्या नळीत एक लांबट पांढरी रेघ होती. ती खरंच वळवळली.

वेल्ह्याच्या डॉक्टरांनी गाठीची शंका घेऊन आम्हाला पुण्याला पाठवलं होतं. एसटीत यजमानांनी तपासण्यांचे कागद मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"मग गाठ न्हाई?" मी विचारलं.

"नाही. राउंडवर्म आहे, म्हणजे पोटातला मोठा जंत. आतड्यातून वर चढून नळीत अडकलाय."

मला हसू आलं. लगेच उलटीही झाली.

त्याआधी भातलावणीत उजव्या बरगडीखाली कळ यायची. पित्त समजून मी ती अंगावर काढली. मग डोळे पिवळे झाले, हुडहुडी भरून ताप आला.

पुण्यात दाखल करून सलाईन, औषधं सुरू झाली, तरी ताप उतरेना. नळीत पू धरला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, तर मी लाजून "पित्त" म्हणाले. तापात धाकट्या लेकीचं नावच आठवेना, तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

शेवटी ईआरसीपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जंत बाहेर ओढला. वाचले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "उघड्यावर शौचाला बसल्याने जंताची अंडी मातीत जातात. तिथून भाजीला, हाताला लागतात. घरातल्या सगळ्यांनी जंताची गोळी घ्या."

आमच्या गावी, पासलीला आल्यावर सासूबाई भडकल्या. "माझ्या घरात किडं? कावीळ झाली व्हती म्हन लोकास्नी!"

तेवढ्यात धाकटी परसातला मुळा फ्रॉकला पुसून खाऊ लागली. मी तो हिसकावला.

"आत्या, हिच्या नळीत चढला तर?" मी सासूबाईंना विचारलं.

सासूबाई नातीकडे बघत राहिल्या. मग पहिली गोळी त्यांनीच घेतली.

दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी गाठलं. "काय झालं व्हतं गं?"

मी "कावीळ" म्हणायला तोंड उघडलं. सासूबाईंनी हंडा खाली ठेवला.

"जंत झालं व्हतं तिला. मरता मरता वाचली. तुमीबी गोळ्या घ्या, आन् वढ्याकडं बसायला जाऊ नगा."

मग एकीने हळूच विचारलं, "गोळ्या कुठं मिळत्यात?"

सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या चारचौघींत बोलल्या म्हणून आज मी हे न लाजता लिहू शकतेय.