ग्रीन कोऑर्डिनेटरचं बीपी

किस्से घडतात तेव्हा ते किस्से वाटत नाहीत, नुसतं बीपी वाढतं! काशीसमोर, गंगेपलीकडे असलेल्या रामनगरच्या आमच्या गालिच्यांच्या कंपनीने मला 'ग्रीन कोऑर्डिनेटर' केलं, तेव्हापासून माझ्याकडे असे ढीगभर साठलेत.

परदेशी गिऱ्हाइकातर्फे दिल्लीहून तपासनीस मॅडम येणार होत्या. कुठल्याही कर्मचाऱ्याला गाठून विचारणार, पर्यावरणासाठी तुम्ही काय करता? मालकांनी बजावलं, "काळेजी, मैडम नाराज हुईं, तो परमानेंट होना भूल जाइए." सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार?

*

प्लास्टिक बंद व्हावं म्हणून सगळ्यांना झाकणाच्या स्टीलच्या बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी एकाही टेबलावर बाटली नाही! पॅकिंगच्या त्रिपाठीजींना विचारलं.

"इतना बढ़िया बर्तन, सर! गंगाजल भर के पूजा में रख दिए हैं. अब उसमें मुँह थोड़े लगाएँगे?"

त्यांच्या हातात प्लास्टिकची बाटली होती.

*

मग 'विना-गाडी दिवस' ठेवला. मी काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या घरून, पूल ओलांडून सायकल हाणत घामाघूम पोचलो. त्रिपाठीजींच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. एकट्यासाठी डिझेलची मोटरबोट करून आले होते!

"गाड़ी कहाँ लाए, सर?"

*

ओल्या-सुक्या कचऱ्यावर मीटिंग घेतली. मॅडम आल्या की काय उत्तर द्याल, असं त्रिपाठीजींना विचारलं. त्यांनी हनुवटी वर करून तोंडातलं पान सांभाळलं आणि म्हणाले, "पहले ई बताइए, पान गीला है कि सूखा? तय हो तो थूकें, थूकें तो बोलें!"

*

घरी बायको वैतागली. "अहो, काल दुपारी आई झोपल्या होत्या आणि तुम्ही जाता-जाता पंखा बंद केलात!"

"आदत पडलीय गं."

"आदत ऑफिसवाल्यांना लावायची होती ना?"

मला हसू आलं नाही. खरंच भीती वाटत होती.

*

शिपाई नंदलालला मी सहा महिने विनवत होतो, जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच बंद करत जा. त्याचं ठरलेलं उत्तर, "कल से, सर."

तपासणीच्या दिवशी दोघातिघांनी बरी उत्तरं दिली. मॅडम चक्क हसल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच एक वाजला. मॅडम लिफ्टमध्ये शिरल्या, दार लागलं आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये! आतून मॅडम दार बडवतायत, बाहेर मी लिफ्टचं बटण दाबत सुटलोय.

नंदलाल धावत आला. "सर, आज बिना कहे बंद किए हैं!"

मी त्याचं तोंड दाबणार, एवढ्यात आतून आवाज आला, "किसने बंद किया?"

नंदलालने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"नंदलाल, मैडम! लेकिन सिखाए काळे सर हैं!"