लानसाठी ठेवलेली मरळ

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, "भद्रावतीत थांबण्यासारखं फारसं काही नाही, आणि त्या दिवशी आमच्या घरीही कोणी नव्हतं." ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. भद्रावतीत विजासनची लेणी आहेत. तिथून आमचं गाव ऑटोनं वीस मिनिटांवर आहे. आणि बाबा घरीच होते. तो लेख वाचून एका वाचकानं आपल्या सहलीतून भद्रावती वगळल्याचं कळवलंय, म्हणून हा प्रवास पुन्हा लिहिते.

मागचा लेख मी काढून टाकलेला नाही. मला अक्षरं बाबांनी शिकवली. शाळा नाल्यापलीकडे होती आणि नाल्यावर पूल नव्हता, त्यामुळे आठव्या वर्षापर्यंत माझी पाटी म्हणजे तलावाच्या पाळीवरची ओली माती. चुकलेलं अक्षर बाबा पुसू द्यायचे नाहीत. त्याच्याखाली बरोबर काढायला लावायचे.

लान व्हिएतनामची. मेकाँग नदी समुद्राला मिळते तिकडचं तिचं गाव. वर्षभरासाठी नागपूरला पाली शिकायला आली आणि वसतिगृहात माझ्या खोलीत राहिली. मराठी मात्र ती वर्गात शिकली नाही, मेसमधल्या मावशींकडून शिकली. जानेवारीत ती म्हणाली, "नागपूर पाह्यलं. आता तुयं शहर दाखव." माझं शहर म्हणजे चंद्रपूर, आमच्या जिल्ह्याचं ठिकाण. ठरलं असं की शनिवारी चंद्रपूर बघायचं आणि रविवारी परतताना भद्रावतीला उतरून आमच्या घरी जेवायचं. शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन करून मी बाबांना तसं सांगितलं.

नागपूरहून चंद्रपूरला एसटी सारख्या असतात. साडेतीन तास धरा, वरोऱ्याला गाडी थांबते ते धरून. तिथे आम्ही तर्री-पोहे खाल्ले. लानच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तिनं वाटी पुढे करून आणखी तर्री मागितली. भद्रावतीनंतर रस्त्यावर कोळशाचे ट्रक वाढतात. खिडकीशी बसणार असाल तर पांढरे कपडे घालू नका.

चंद्रपुरात बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. सोबत परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स आधीच काढून ठेवा. आमचा पाऊण तास त्यातच गेला. मग ऑटो ठरवून जटपुरा गेट, परकोटाची भिंत, गोंड राजांच्या समाध्या आणि रामाळा तलाव बघितला. गेटवर सिंहानं हत्तीला खाली दाबलेलं शिल्प आहे. सिंह एवढा मोठा आणि हत्ती एवढा लहान काऊन, असं लाननं विचारलं. ऑटोवाले भाऊ म्हणाले, "ज्यानं बनवाले सांगतलं तो सिंह होता ना, बाई." लान समाध्यांपर्यंत हसत होती.

दुपारी एका खानावळीत पाटोडीचा रस्सा, भाकर आणि जवसाची चटणी. वाढणाऱ्या बाईंनी लानला "मले अजून पायजे" म्हणताना ऐकलं आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावून तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. बदल्यात पाटोड्या फुकट मिळाल्या.

इथपर्यंत मागचा लेख खरा आहे.

रविवारी सकाळी आम्ही गोल बाजारात गेलो. मासळीच्या ओळीत एका बाईच्या घमेल्यात पाणी होतं आणि पाण्यात जिवंत मरळ. काळपट, लांब, सापासारख्या डोक्याची. हा मासा हवा घेऊन जगतो, त्यामुळे तो जिवंत विकता येतो. लान तिथे थांबली. बाईंनी विचारलं, "कुठची वो ही पोरगी?" मी सांगेपर्यंत लाननं रुमाल काढून नाकातोंडावर धरला आणि ती वळून चालायला लागली. मागून बाई म्हणाल्या, "वास आला वाट्टे मॅडमले."

त्या क्षणी मला आमचं अंगण दिसलं. दोरीवर वाळणारी जाळी, सुपात झिंगे, दाराला टेकलेली टोपली. आम्ही ढिवर, तलावावर जगणारी माणसं. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या पिशवीला वास येतो म्हणून एका मुलीनं खोली बदलून घेतली होती. लाननं बदलली नव्हती. ती बदलेल, असं मला वाटलं.

आमची तिकिटं भद्रावतीपर्यंतचीच होती. गाडी स्टँडवर उभी राहिली तरी मी उठले नाही. कंडक्टर म्हणाले, "बाई, भद्रावती आली. उतरून नाई राह्यल्या का?" मी नागपूरपर्यंतची तिकिटं मागितली. लानला सांगितलं, बाबांना अचानक गडचिरोलीला जावं लागलं. तिनं मान हलवली आणि मांडीवरचा संत्र्याच्या बर्फीचा डबा परत पिशवीत ठेवला. तो तिनं माझ्या आईसाठी घेतला होता.

पुढच्या शुक्रवारी मी एकटी घरी गेले. बाबा जाळं सांधत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "बस चुकली काय वो त्या दिवशी?"

मी "हो" म्हटलं.

परसातल्या रांजणावर फळी होती, फळीवर दगड. आत मरळ होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. पाहुणी येणार म्हणून बाबांनी शनिवारी धरलेली. आई म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून राह्यले. मायाशी बोलत नाई तेवढं तिच्याशी बोलून राह्यले."

जेवताना आंबाडीची भाजी आणि भात होता. मरळीचं काय, असं मी विचारलं तेव्हा बाबांना नवल वाटलं. "पाहुणीच्या नावानं ठेवली ना. आपण कशी खाऊ?" आमच्या घरची ही रीत मला माहीत होती, पण पाहुणा आलाच नाही असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. तसं झालं तर मासा पाण्याला परत द्यायचा.

ऊन उतरल्यावर आम्ही तलावावर गेलो. बाबांनी घमेलं पाण्यात तिरपं केलं. मरळ जरा वेळ काठाशीच राहिली, मग शेपूट हलवून गेली. बाबा म्हणाले, "तुया मैत्रिणीले सांगजो, सहा दिवस थांबली होती म्हणा."

परत आल्यावर मी लानला सगळं सांगितलं. रुमालाचंसुद्धा. ती पलंगावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, तिची आजी हाच मासा चुलीजवळच्या मातीच्या रांजणात ठेवते, आणि तिनं वर्षभरात आजीला बघितलेलं नाही. "मी रडून राह्यली होती. तू वास समजली." मग तिनं विचारलं, "मायं जाऊ दे. तुये बाबा वाट पाहून राह्यले, आन तू त्याइले गडचिरोलीले पाठवलं?"

त्या दिवशी ती मेसमध्ये एकटीच जेवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चमधल्या एका रविवारभोवती गोल काढला. त्यानंतर आठवड्याभरात, मार्चच्या मध्यात, तिचं विमान आहे.

चंद्रपूरच्या त्या सहलीतलं माझ्याजवळ काय राहिलं, हे मी या आठवड्यात सारखं तपासून बघितलं. गेटवरचा हत्ती राहिला, तर्रीची चव राहिली. पण सगळ्यात जास्त राहिली ती न उतरलेली भद्रावती. तुम्ही मात्र उतरा. लेणी डोंगरात लांब आणि अंधारी आहेत, टॉर्च न्या. मार्चमध्ये तलावाचं पाणी उतरतं, मासा सापडायला सोपा जातो.

लानला घेऊन येते, असा बाबांना फोन केलाय. रांजण धुऊन ठेवतो म्हणाले. या लेखाचा प्रिंट मी सोबत नेणार आहे, बाबा अक्षराला अक्षर लावून तो वाचतील. पण बस चुकली नव्हती, एवढं मला कागदाआधी, तोंडानं सांगायचं आहे. येत्या रविवारी, आठ मार्चला, सकाळच्या पहिल्या बसनं.