सरदार जेवायला बसले

मी एका हॉटेलच्या दरवानाला हाताला धरून आत नेलं आणि आमच्या टेबलावर जेवायला बसवलं. तो दरवान आहे हे मला ठाऊक नव्हतं. टेबलावरच्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, दरवान ओळखता येत नाही असाही माणूस असतो का? असतो. इंदुरात निदान एक आहे आणि तो विम्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून सुखरूप निवृत्त झालेला आहे. पण त्याचं सोडा. सांगायचंय ते सरदारांबद्दल.

सरदार म्हणजे पगडीवाले पंजाबी नव्हेत. आपलेच, मराठी. पणजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते, एवढ्या भांडवलावर आम्ही त्यांना सरदार म्हणायचो. घोडा त्यांनी वरातीतला सोडून कधी जवळून पाहिला नव्हता. ते कापडाच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. माग तयार करील ते कापड मोजून, घडी घालून पुढे पाठवायचं. त्यामुळे कुठेही बसले की आधी तिथल्या कापडाची कड अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळायचे. हॉटेलातला टेबलक्लॉथ असो, नाट्यगृहातल्या खुर्चीचं कव्हर असो, नाहीतर माझ्या बायकोचा पदर. (हे एकदाच घडलं. सरदारांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तिथल्या तिथे त्यांच्या हातावर चापट मारली.) चोळून झालं की निकाल. "आपल्या मिलचं आहे." किंवा नुसतंच तोंड वाकडं.

आमची मराठी संस्था पुण्या-मुंबईची नाटकं आणायची. नाटकाच्या संध्याकाळी आमचा कंपू आधी बाहेर जेवायचा, हा नियम सरदारांचाच. नाट्यगृहाच्या अलीकडे एका जिन्यावरून वर गेलं की एक भोजनालय होतं. दोन टेबलं जोडायची, मधल्या खुर्चीवर सरदार. मेन्यू कार्डाला आम्ही कुणी हात लावायचा नाही. सरदार विचारायचे, "आज कसलं आहे? हसवायचं की रडवायचं?"

हसवायचं असेल तर बेत हलका. दाल, तवा रोटी, बस. "पोट भरून हसलात तर उचकी लागते भिया, आणि पुढच्या ओळीतले लोक वळून बघतात." (भिया म्हणजे इंदुरी भैया. मला ते भियाच म्हणायचे.) रडवायचं असेल तर मात्र सेव-टमाटरची भाजी, तुपात बुडवलेले बाफले, वर रबडी. रिकाम्या पोटी माणूस दुसऱ्याच्या दुःखाने रडत नाही, स्वतःच्याच भुकेने रडतो, असं त्यांचं मत होतं. जेवण झालं की घड्याळ बघून सगळ्यांना एकच प्रश्न, "हात धुतलेत? मग चला."

एकदा तिकिटं मी आणली आणि सगळ्यांना घेऊन एक दिवस आधीच नाट्यगृहावर हजर झालो. दाराला कुलूप. बायकांनी शालू नेसलेले. सगळे माझ्याकडे असे बघत होते की खरं नाटक तेच. सरदार म्हणाले, "बरं झालं ना यार. म्हणजे उद्या परत जेवायचं." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच टेबलावर तेच बाफले खाल्ले. माझ्या गाढवपणाचा त्यांनी सण करून टाकला. असा माणूस आयुष्यात एक लागतो. मला तो दोन-चार वेळा लागला असता.

नाटकाची हौस त्यांना नुसती बघण्याची नव्हती. मिलच्या गणपतीत नाटक व्हायचं आणि त्यात सरदार दरवर्षी भालदार. हातात भाला, ओठावर चिकटवलेली मिशी, दरबाराच्या दारात उभं राहायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, "महाराज, दूत आला आहे." एका वर्षी मिशी सुटली. त्यांनी ती वरच्या वर झेलली, मुठीत धरली आणि म्हणाले, "महाराज, दूत आला आहे, आणि मिशी गेली आहे." मिलची पाळी संपवून आलेली माणसं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. दूत बराच वेळ विंगेतच थांबला.

मग मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग पगार लांबले, मग भोंगा गेला. गेटला कुलूप लागलं तेव्हा आत बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नेमका त्याच सुमारास शहरात पैसा आला, असं आमच्या कचेरीत लोक म्हणायला लागले. कुठून आला ते दिसत नव्हतं. कुठे जातोय ते दिसत होतं, विजय नगरकडे. तिकडे काचेच्या इमारती झाल्या. आमचं जिन्यावरचं भोजनालय गेलं आणि तिथे रंगीत टीव्हीचं दुकान झालं.

सरदार नाटकाला येत राहिले, पण जेवायला नाही. नाट्यगृहाच्या फाटकाशी उभे असायचे. "घरून जेवून आलो." दर वेळी तेच. मी म्हणालो, "काय सरदार, म्हातारपणी वहिनींच्या हातचं गोड लागायला लागलं वाटतं!" ते हसले. मला वाटलं, आपला विनोद चांगला झाला. घरी येऊन बायकोलाही सांगितला. ती हसली नाही. मी म्हटलं, हिला विनोद कळत नाही.

नंतर ते नाटकालाही दिसेनात. एकदा राजवाड्याशी भेटले तेव्हा विचारलं, "कुठे गायब?"

"एका जागी लागलोय भिया. संध्याकाळचं असतं."

"संध्याकाळचं? कसलं?"

"लोक येतात, त्यांचं आपलं... करायचं. पोशाख त्यांचाच."

"पोशाख? म्हणजे कंपनी मोठी दिसतेय!"

"मोठी आहे," ते म्हणाले. "एसी आहे."

संध्याकाळचं काम, पोशाख, लोक येतात. एवढ्यावरून कुठल्याही शहाण्या माणसाला जे कळलं असतं ते सोडून मी निष्कर्ष काढला की सरदार कुठल्यातरी नाटक कंपनीत लागले. आठवडाभर मी ही बातमी कचेरीत वाटत होतो.

आता ती संध्याकाळ. बरेच दिवसांनी नाटक होतं आणि मला बढती मिळाली होती. मी जाहीर केलं की आज विजय नगरच्या नव्या रजवाडी हॉटेलात जेवायचं आणि तिथून नाटकाला. बायको म्हणाली, "तिकडे नको." का, ते सांगेना. माझा कचेरीतला आणि कंपूतलाही मित्र देशपांडे आणि त्याची बायको बरोबर होते. देशपांडेही म्हणाला, "अरे, दूर पडतं." मी म्हणालो, रिक्षा मी करतो. बढतीचा वारा डोक्यात गेला होता.

हॉटेलला काचेचं मोठं दार. दारात अंगरखा, कमरेला शेला, डोक्यावर पगडी, गालभर मिशी असा एक भालदार उभा. त्याने दार उघडलं, कमरेत वाकला आणि वर बघितलं. सरदार!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी ओरडलो, "अहो सरदार! आजच्या नाटकात काम आहे वाटतं? मेकअप करूनच आलात?"

सरदार माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या बायकोकडे, मग देशपांड्यांकडे. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी तो प्रेमाचा समजलो.

"नाटकाला वेळ आहे अजून," मी म्हणालो, "कलावंताने उपाशी का राहायचं? चला, आज तुम्ही आमच्याकडे!" आणि त्यांचा हात धरला. काउंटरवर मॅनेजर होता, आत दहा-बारा टेबलं भरलेली होती, सगळे बघत होते. त्या वेळी सरदारांनी "मी इथे नोकरीला आहे" एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. नोकरी राहिली असती. पण ते म्हणायचं कुणासमोर? तर ज्यांना वर्षानुवर्षं स्वतः जेवायला बसवलं त्यांच्यासमोर.

त्यांनी पगडी सारखी केली. "चला," म्हणाले.

मधल्या खुर्चीवर बसले. टेबलक्लॉथची कड बोटात धरली, चोळली, तोंड वाकडं केलं. वेटर आला, कोवळा, गळ्यात बो. त्याला पुढे यावं की मागे जावं कळेना. "दादा, आप...?"

"लिख बेटा," सरदार म्हणाले. "आज हम मेहमान हैं।"

मग माझ्याकडे वळले. "आज कसलं आहे? हसवायचं की रडवायचं?"

आता बघा. ज्या नटाचं तासाभरात काम आहे तो नट मला विचारतोय, नाटक कसलं आहे. आणि मी टेबलावर थाप मारून हसलो! "ते तुम्हीच सांगायचं सरदार!"

"मग दोन्हीची तयारी ठेवू," ते म्हणाले, आणि त्यांनी मागवलं. सेव-टमाटर, बाफले, भुट्ट्याचा कीस, पनीरचं कायसं जे नवीन निघालं होतं ते, आणि रबडी. कार्ड न बघता. वाटीत घास बुडवायच्या आधी त्यांनी मिशी सोडवली, कागदी रुमालात नीट घडी घालून ठेवली आणि जेवायला लागले. सावकाश, सगळ्यांना वाढत, "वहिनी, तूप घ्या" म्हणत.

दाराशी कुणी नव्हतं. येणारी माणसं स्वतः दार ढकलत होती, तेही उलट्या बाजूला. दार खडखडलं की सरदारांचा उजवा खांदा उचलला जायचा, खुर्चीवरून अर्धे उठायचे आणि परत बसायचे. मी देशपांड्याच्या कानात म्हणालो, "बघ, एन्ट्रीच्या आधीची धडधड. मोठ्या नटांनासुद्धा सुटत नाही." देशपांडे ताटातल्या कांद्याकडे बघत बसला होता. त्याच्या बायकोने एकही घास खाल्ला नव्हता. टेबलावर बोलत होतो तो मी एकटाच, आणि भरपूर बोलत होतो.

रबडी झाली तसा मॅनेजर आला. सरदारांच्या खुर्चीमागे उभा राहून हळूच म्हणाला, "पगड़ी-मूंछ काउंटर पर रख देना. कल से मत आना."

मला वाटलं, पोशाख याच हॉटेलकडून भाड्याने घेतलाय. आणि उद्यापासून प्रयोग नसेल. माणसाचं डोकं एकदा एका बाजूने चालायला लागलं की किती व्यवस्थित चालतं!

सरदारांनी घड्याळ बघितलं. सगळ्यांकडे एकवार बघितलं. "हात धुतलेत?" म्हणाले. "मग चला. तुम्ही पुढे व्हा, मी येतो."

नाटक कसलं ते पडदा उघडताच दिसलं. सोफा, टेलिफोन, खिडकीला जाळीचे पडदे. सुखवस्तू घरातलं हसवायचं नाटक. यात पगडीवाला कुठे येणार, हा प्रश्न मला पडला, पण मी तो सोडवला. स्वप्नाचा प्रसंग असेल! शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी सांगूनही ठेवलं, आमचे एक जण यात आहेत, आता येतील. टेलिफोन वाजला की मी सरसावून बसायचो. दार उघडलं की टाळ्यांसाठी हात वर घ्यायचो. एकदा चुकून वाजवल्याही. आत मोलकरीण आली होती.

मध्यंतरात मी रंगपटाकडे निघालो. बायकोने हात धरून खाली बसवलं.

"कुठे निघालात? ते नाहीयेत तिथे. ते त्या हॉटेलात दरवान होते. वहिनींनी मला केव्हाच सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नको म्हणून. देशपांड्यांनी तर त्यांना दारात उभं असलेलं बघितलंय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? तुम्ही थांबलात का?"

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचे ते अजून आले नाहीत?" मी म्हटलं, त्यांचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून त्या हॉटेलावर गेलो. दारात एक नवा पोरगा उभा होता. सरदारांचाच अंगरखा. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. त्याने दार उघडलं. मी आत गेलो नाही. मॅनेजरशी भांडायचं ठरवून आलो होतो, पण भांडून सांगणार काय होतो? की तुमचा माणूस मी नट समजलो?

सरदार पुढे पीथमपूरला एका कारखान्याच्या गेटवर बसायचे. सकाळची बस, अंधार पडल्यावर परत. एकदा ती बस सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी थांबली. खिडकीत सरदार होते, झोपलेले. पुढच्या सीटच्या कव्हरची कड बोटात धरलेली. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यातली ती एक वेळ मी बोललो नाही. नेमकी तीच वेळ बोलण्याची असावी. नाटकाला ते पुन्हा आले नाहीत. आम्ही नाटकाआधी बाहेर जेवणं सोडलं. कुणी ठरवलं नाही, सुटलं.

बऱ्याच वर्षांनी, गेल्या थंडीत, ते गेले. वहिनी सांवेरला मुलीकडे राहतात म्हणून मी आणि बायको बसने भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला. मी ती संध्याकाळ काढायला नको होती. काढली. त्यांना राग आला नाही.

"त्या दिवशी घरी आले ना," त्या म्हणाल्या, "तर काय काय खाल्लं ते सगळं सांगत बसले. बाफले बरे होते. रबडी पातळ होती. तूप तुमच्या मित्राने घेतलंच नाही म्हणाले. खूप दिवसांनी टेबलावर बसलो गं, म्हणाले. मी विचारलं, नाटक कसलं होतं? तर म्हणे, मला काय माहीत. हसवायचं असेल बहुतेक, भिया फार खुशीत होता."

मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी घसा साफ केला. संस्थेच्या पुढच्या नाटकाच्या आधी आम्ही सरदारांसाठी दोन मिनिटं उभं राहणार होतो, ते सांगितलं. म्हणालो, "वहिनी, त्या वेळी स्टेजवरून त्यांच्याबद्दल चार शब्द मी बोलणार आहे."

वहिनींनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"तुम्ही नका बोलू भाऊजी," त्या म्हणाल्या. "मागे बोललात तेव्हा त्यांची नोकरी गेली."