बोटांवरचा कागद

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला हात समोर ताठ धरायला सांगितला आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. शेजारच्या खुर्चीवर नवरा बसला होता, त्यानेही वर पंख्याकडेच पाहिलं. झोप लागत नाही ना, छाती धडधडते ना, भरपूर जेवूनही कपडे ढगळ होताहेत ना, असं सगळं बाईंनीच मला विचारलं आणि रक्त द्यायला लॅबमध्ये पाठवलं.

रिपोर्टात टीएसएच जवळजवळ नव्हतंच. कमी आहे म्हणजे बरंच असेल, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, उलटं आहे. टीएसएच म्हणजे मेंदूकडून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जाणारा हुकूम. ग्रंथी आपणहून सुसाट सुटली की मेंदू हुकूम सोडायचंच थांबवतो. म्हणून टीएसएच तळाला आणि ग्रंथीतून निघणारी टी-थ्री, टी-फोर ही संप्रेरकं वर. मला लगेच कळलं. सून पहाटेपासून आपणहून राबत असली की सासू कामं सांगायची सोडते, तसंच हे.

आमच्याकडे तेच चाललं होतं. वलवणला धरणाजवळ आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या नवऱ्याने शनिवार-रविवार पर्यटकांना द्यायला काढल्या, त्या नेमक्या माझ्या या सुसाट दिवसांत. आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि शनिवारी दुपारपासून भाकऱ्या थापायच्या. पाहुण्यांना जेवण चुलीवरचं हवं, आंघोळीला मात्र गीझर हवा. मी कधी बसले नाही, कारण बसवतच नव्हतं. बाई भलती काटक आहे, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

मग माझी सहनशक्ती संपली. गच्चीवर स्पीकर लावणाऱ्या पाहुण्यांवर मी ओरडले, नवऱ्यावर ओरडले. मला हे नको, माझे शनिवार-रविवार मला परत हवेत, असं स्वच्छ सांगितलं. तेवढ्यात रिपोर्ट आला, बाईंनी रोजची गोळी सुरू केली आणि घरातल्यांची सुटका झाली. बोलते ती मी नव्हेच, माझी ग्रंथी बोलते, असं ठरून गेलं. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी सासूबाई हळूच विचारायच्या, "आज गोळी घेतली न्हाईस का गं?" त्यांची माया खरी होती, म्हणून तर जास्त चिडायला व्हायचं. राबत होते तेव्हा कुणाला माझा आजार दिसला नाही. बोलले तेव्हा दिसला.

वाईट याचं की मलाही खात्री नव्हती. भांडता भांडता मी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायचे. हा राग माझा की गळ्यातला? नाडी पळत असली की मी वाक्य अर्धवट सोडून आत जायचे.

पुढच्या तपासणीत टी-फोर ताळ्यावर आलं, पण टीएसएच खालीच. ते मागाहून येतं, धीर धरा, असं बाई म्हणाल्या. नवऱ्याने तेवढंच धरून ठेवलं. अजून कमीच आहे, आत्ता काही ठरवायला नको, असं म्हणत त्याने दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगही घेऊन टाकली. धीर हा माझा प्रांतच नव्हे. कॅलेंडरकडे बघत, नखं खात मी ते महिने काढले.

शेवटी एका शुक्रवारी सगळे आकडे जागेवर आले. लॅबमधून कागद घेऊन रिक्षात बसले आणि मनाला विचारून पाहिलं, आता उद्याच्या भाकऱ्या थापाव्याशा वाटतात का? मुळीच वाटत नव्हत्या. मला इतका आनंद झाला की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

घरी नवरा ओट्यावर पिठाच्या पिशव्या रचत होता. उद्यापासून पाहुण्यांचं स्वयंपाकपाणी मी करणार नाही, असं मी सांगितलं. आवाज चढला नव्हता. तरी तो पिशव्यांवरची नजर न काढता म्हणाला, "गोळी घेतलीस का?"

मी हात समोर ताठ धरला आणि बोटांवर रिपोर्ट ठेवला. त्याने पाहिलं. सासूबाईही चष्मा पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. कागद हलत नव्हता.

"घेतली," मी म्हणाले. "तरीही करणार नाही."