विहीणबाई खोक्यावर बसायला शिकतात

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या मुलाच्या सासूबाई, आमच्याच घरी राहतात आणि बुटांच्या दुकानात कामाला आहेत. एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, विहीणबाई त्याच्या पायाशी एका बुटक्या स्टुलावर बसतात, बूट चढवतात, अंगठ्यापाशी दाबून बघतात, "जरा चालून बघा" म्हणतात आणि उठून दुसरा नंबर आणायला गोदामात जातात. दिवसाला शंभर वेळा बसायचं, शंभर वेळा उठायचं. माणसाचा चेहरा त्या विसरतील, पाय विसरणार नाहीत. एकदा आम्ही रस्त्याने चाललो होतो. समोरून टायबिय लावलेला एक ऐटबाज तरुण आला. ह्यांनी त्याच्या बुटांकडे बघितलं आणि ओरडल्या, "अगबाई, सपाट तळवा! केवढा झालास रे!" तो बिचारा लाजून लाल झाला, पण ओळखलं त्यानेही. पहिला बूट ह्यांनीच घातला होता त्याला.

तर गेल्या हिवाळ्यात काय झालं, ह्यांच्या मांड्यांनी दगा दिला. स्टुलावरून उठता येईना. आधी खुर्चीचा हात धरून उठायच्या, मग गिऱ्हाइकाचाच गुडघा. एक कडक साहेब होते, त्यांचा गुडघा असा अचानक धरल्यावर ते स्वतःच ताडकन उभे राहिले आणि ह्या पुन्हा खाली बसल्या. मग एका दुपारी त्यांनी सँडलचा स्टँड धरला. स्टँडला बिचाऱ्याला माणसाची सवय नव्हती. बेचाळीस सँडल आल्या अंगावर! त्यातली एक उंच टाचेची थेट धाकट्या मालकांच्या चहात.

धाकटे मालक म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव. वय पन्नास, पण दुकानात अजून धाकटेच. माणूस वाईट नाही. चहातून सँडल काढत म्हणाले, "मावशी, आता पुरे. शाळा सुरू झाल्या की तुम्ही गल्ल्यावर बसा. वर पंखा आहे, खाली उशी देतो."

"गल्ल्यावरून मला पाय दिसतील का?"

"पाय कशाला बघायचेत? पावत्या फाडायच्या."

"मग मला घरीच बसवा की! पावत्या काय, कॅलेंडरही फाडता येतं."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. शाळेच्या बुटांची गर्दी होते त्यातला पहिला रविवार. सकाळी शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत विहीणबाई कशालाही हात न लावता उठल्या, तर स्टूल त्यांचं. एकदा जरी हात लागला, तर गल्ला. मुदत तीन महिने.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "गुडघे उत्तम आहेत. मांड्यांनी संप केलाय. त्यांना कामाला लावा." सूनबाईने लगेच शोध घेऊन एक व्यायामशाळा काढली आणि मला हुकूम सोडला, "बाबा, आई एकटी जायची नाही. तुम्ही सोबत जा. तुम्ही तरी सकाळी काय करता?"

"पेपर वाचतो."

"तिथे वाचा."

गेलो. पूर्वी तिथे गाड्या दुरुस्त व्हायच्या. आता खाली रबराच्या जाड लाद्या, भिंतभर आरसा, लोखंडाचा वास, आणि मधोमध शिकवणारा पोरगा. मी त्याचं नाव ठेवलं डोंगर. दंड म्हणजे माझी मांडी, मांडी म्हणजे आमचं पाण्याचं पिंप. आणि आवाज? बासरीसारखा बारीक! पहिल्यांदा बोलला तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोण बोलतंय म्हणून.

"काकू," बासरी म्हणाली, "तुम्हाला खोक्यावर बसून उठायचंय."

"खोक्यावर? चेपेल की!" विहीणबाईंच्या डोळ्यांपुढे बुटाचं पुठ्ठ्याचं खोकं. डोंगराने लाकडी खोका पुढे ओढला, त्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हा माझ्यानेही चेपत नाही."

"म्हणजे शाळेतल्या उठाबशाच ना? लहानपणी शिक्षा म्हणून फुकट काढल्या, आता फी भरून?"

इथे मला राहवलं नाही. उठाबशा म्हटल्यावर माझ्याएवढा अनुभवी माणूस त्या खोलीत कोण होता? आमच्या गावच्या शाळेत तेराचा पाढा चुकला की तेरा उठाबशा, असा हिशेब होता, आणि माझा तो तीन वर्षं चुकत होता. मी पेपर ठेवला, उठलो, दोन काढून दाखवल्या. डोंगर नम्रपणे म्हणाला, "आजोबा, छान. फक्त तुमचे गुडघे एकमेकांच्या कानात काहीतरी सांगतायत. ते बाहेर, पायाच्या बोटांच्या दिशेला राहिले पाहिजेत." मी पुन्हा पेपर उचलला.

"बसा काकू."

विहीणबाई खोक्यापुढे उभ्या राहिल्या. मान वळवून मागे बघितलं. डावा हात मागे नेऊन खोका चाचपला. मग धपकन बसल्या, "हुश्श" केलं, हात मांडीवर ठेवले आणि पाहुण्याला विचारावं तसं म्हणाल्या, "हं, बोला!"

 डोंगराला एवढंच म्हणता आलं, "उठा."

त्या पुढे झुलल्या, मागे झुलल्या, पुन्हा पुढे झुलल्या, तिसऱ्या झोक्याला गुडघ्यांवर हात दाबून "आई गं" करत उठल्या.

"काकू, हे बसणं दमलेल्या माणसाचं झालं," डोंगर म्हणाला. "आपल्याला खोक्यावर विसावायचं नाहीये. नुसतं टेकायचं. हळू खाली यायचं, टेकल्यावरही पोट आणि पाठ घट्ट ठेवायची, क्षणभर थांबायचं, आणि झोका न घेता, पाऊल पूर्ण जमिनीला ठेवून, जमीन खाली ढकलत उठायचं. आणि मागे चाचपायचं नाही. उद्या खांद्यावर वजनाचा दांडा आला की हात कुठून आणणार?"

पण ते चाचपणं पहिले दोन आठवडे काही केल्या जाईना. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अहो, पोरं येतात ना बुटांना. मी उठले की स्टूल ओढून नेतात, आगगाडी करतात त्याची. एकतीस वर्षं मी हात लावल्याशिवाय कधी बसलेच नाही. दोनदा बसले, दोन्ही वेळा जमिनीवर."

डोंगर खोक्याच्या मागे मांडी घालून बसला, दोन्ही हातांनी खोका धरला आणि म्हणाला, "घ्या. हा कोणी नेला तर मलाही नेईल." तेव्हा कुठे हात पुढे आला.

सगळ्यात मोठी पंचाईत पुढे होती. खाली येताना विहीणबाई आधी गुडघे पुढे काढायच्या, आणि यायला हवी मागची बाजू आधी मागे. आता हे काकूंना सांगायचं कसं? डोंगर एवढा दांडगा, पण भारी लाजाळू.

"काकू, ते... मागचं... जरा मागे न्या."

"मागचं मागेच आहे की."

"नाही, म्हणजे आणखी मागे. आधी ते निघालं पाहिजे. मग बाकीचं."

"ते म्हणजे काय निघालं पाहिजे? कुठे निघालंय?"

मी पेपराच्या आडून ओरडलो, "अहो विहीणबाई, बूड! बूड म्हणतोय तो!"

अख्खी व्यायामशाळा हसली. एकाच्या हातातून वजन निसटलं. डोंगर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. विहीणबाई मात्र शांत. म्हणाल्या, "मग असं मराठीत सांगा ना." एक पाऊल टाकलं, मागे ढकललं, आणि तिथेच थबकल्या. "थांबा. हे तर आमचं गोदामाचं दार!"

गोदामाचं दार म्हणजे असं, की बारा खोकी हनुवटीपर्यंत रचून आणायची, हात एकही मोकळा नाही, आणि दार दुकानाच्या बाजूला उघडणारं. मग ते उघडायचं कशाने? पाठ ताठ, पाय भक्कम, आणि बूड मागे. एकतीस वर्षं त्यांनी ते दार तसंच लोटलं होतं! डोंगराला त्यांनी हवेत बारा खोकी धरून दाखवली, मागे लोटलं, आणि मागे दाराऐवजी लाकडी खोका लागला. हळूच. आवाजसुद्धा नाही. नडग्या पाहाव्यात तर खांबासारख्या उभ्या.

"काकू!" बासरी फाटली. "हेच! हेच पाहिजे!"

"हे मला पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर तीन आठवडे वाचले नसते का?"

राहिला तो हुश्श. बूड टेकलं की तोंडातून हुश्श, आणि हुश्श बाहेर पडला की पोटातली सगळी ताकद त्याच्याबरोबर बाहेर. डोंगर म्हणाला, "कोणी पोटाला गुदगुल्या करणार आहे असं समजून पोट आवळा." चूक झाली त्याची. विहीणबाईंना गुदगुल्यांचं नाव काढलं तरी होतात. त्या खोक्यावर बसून अशा हसायला लागल्या, की आम्ही त्या दिवशी तसेच घरी आलो. शेवटी उपाय त्यांनीच काढला. खाली यायच्या आधी श्वास भरायचा, तोंड बंद, आणि टेकलं की मनात म्हणायचं, "सहा नंबर, काळा." आता नंबर घेतल्यावर आणायला नको का? उठल्या की! रोज वेगळा नंबर. चार नंबर पांढरा. आठ नंबर तपकिरी, नाडीवाला.

मग गाडी सुटली. आधी नुसतं, मग खांद्यावर झाडूचा दांडा, मग वीस किलोचा लोखंडी दांडा. खोका दर पंधरवड्याला दोन बोटं खाली. होता होता तो दुकानातल्या स्टुलापेक्षाही बुटका झाला. घरी तर नुसता धुमाकूळ. विहीणबाई सोफ्यावर तशाच बसायच्या, बसमध्ये तशाच. सूनबाई म्हणायची, "आई, नीट बस ना!" त्या म्हणायच्या, "आज पहिल्यांदा नीट बसतेय!" हळूहळू मीही बसायला लागलो, मुलगा बसायला लागला. जेवायला हाक मारली की सगळे खुर्चीपुढे उभे, तोंड बंद, पाठ ताठ, बूड मागे. आमची ही पानं वाढता वाढता म्हणाली, "ह्या घरात माणसं जेवायला बसतायत की गाड्या मागे घेतायत?"

आणि तो रविवार उजाडला.

मी साक्षीदार म्हणून कोपऱ्यातल्या आरशाजवळ बसलो. दहा वाजता शटर वर गेलं आणि पोरं धबधब्यासारखी आत आली. नव्या रबराचा वास, मोज्यांचे ढीग, एका पायात बूट घालून पळणारी पोरं आणि दुसरा बूट घेऊन त्यांच्यामागे धावणाऱ्या आया. मधोमध विहीणबाई. टेकल्या, दाबलं, उठल्या. टेकल्या, दाबलं, उठल्या. जुळी आली, त्यांचे चारही पाय वेगवेगळ्या मापाचे निघाले. चार फेऱ्या! धाकटे मालक गल्ल्यावरून मान लांब करून बघत होते. पावत्या फाडायचं विसरत होते. दुपारी गर्दी पांगली तेव्हा विहीणबाईंच्या मांड्या थरथरताना मला लांबून दिसल्या. मी म्हटलं, "पाणी हवं का?" तर म्हणाल्या, "पाच नंबर, काळा," आणि गेल्या.

पाच वाजून गेले होते. एक अगडबंब गृहस्थ नातीला घेऊन आले. नातीचं झालं, तसे म्हणाले, "मलाही एक जोड दाखवा." जुन्यांची कातडी चिरली होती. ते खुर्चीत मावेनात. विहीणबाईंनी एक नवा बूट चढवला, दुसरा चढवला, जुना जोड दोन हातांत उचलला आणि म्हणाल्या, "चालून बघा." स्वतः उठायला निघाल्या तोच त्या गृहस्थांनीही उठायचं मनावर घेतलं, आणि आधाराला काही दिसेना म्हणून आपला पंजा सरळ विहीणबाईंच्या खांद्यावर टाकला. सगळा भार देऊन!

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. धाकटे मालक "अहो, अहो" करत गल्ल्यावरून उतरले. विहीणबाई खाली दबल्या. स्टुलाने करकर आवाज केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड बंद. गुडघे बाहेर. दोन्ही पावलं जमिनीला चिकटलेली. क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग त्या वर यायला लागल्या. हळू, एकसारख्या, झोका नाही की वाकणं नाही. आणि त्यांच्याबरोबर ते गृहस्थ! लिफ्टमधून यावेत तसे खुर्चीतून वर आले, अगदी गंभीर चेहऱ्याने. त्यांना काही कळलंच नाही. दोन पावलं चालले, म्हणाले, "हलका वाटतोय बूट. द्या बांधून."

धाकटे मालक धापा टाकत पोचले. "मावशी, हात? हात कशाला लावलात?"

विहीणबाईंनी दोन्ही हात वर केले. एका हातात जुना डावा, दुसऱ्यात जुना उजवा.

मालकांनी बुटांकडे बघितलं, गृहस्थांच्या पोटाकडे बघितलं, आणि तिथेच खुर्चीत बसले. धपकन. "स्टूल तुमचं," म्हणाले. "पण मग उशीचं काय करू? मी आणून ठेवलीय."

"तुम्हीच घ्या. तुमच्या बसण्यात दम नाही."

शटर खाली यायची वेळ झाली तरी त्यांनी आधाराला कशालाही हात लावलेला मी तरी बघितला नाही, आणि मी डोळ्यात तेल घालून बघत होतो. मी अभिनंदन करायला गेलो, तर विहीणबाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. माझ्या पायांकडे बघत होत्या.

"व्याहीबुवा, बसा. बूट काढा."

"अहो, दमला असाल."

"बसा म्हणते ना! कितवा नंबर घालता?"

"आठ. लग्नाच्या वेळी दुकानदाराने सांगितला, तोच."

"त्याला पाय दाखवला होतात का?"

"नाही. घाई होती."

त्यांनी पाय मापाच्या पट्टीवर ठेवला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की धाकटे मालकही धावत आले बघायला. "साडेनऊ! पन्नास वर्षं हा माणूस दीड नंबर कमी घालतोय! म्हणून लग्नाच्या फोटोत तोंड तसं आहे तर! आणि मी इतकी वर्षं समजत होते, ह्यांना बायकोच आवडली नाही की काय!"

उठल्या, गोदामात गेल्या, साडेनऊ घेऊन आल्या. पाय आत गेला आणि माझ्या दहाही बोटांनी एकमेकांपासून फारकत घेतली. असं पसरून बसता येतं हे बोटांना माहीतच नव्हतं! मी दुकानाला एक फेरी मारली, दुसरी मारली, आरशासमोर एक उडीसुद्धा मारली. धाकटे मालक शटर अर्धं ओढून ताटकळत उभे होते. शेवटी म्हणाले, "आजोबा, ते बाहेरही चालतात."