केनिया ते कळंब, व्हाया ब्रोकोली

जागतिक आरोग्य सुधारायचं तर सुरुवात आमच्या फुलपाड्यापासूनच व्हायला हवी, म्हणून शनिवारी सकाळी स्कूटर काढली. निघताना आईने विचारलं, "गोळी घेतलीस?" मी म्हटलं, "हो गं!" मोहिमेवर निघालेल्या माणसाला असले किरकोळ प्रश्न विचारू नयेत.

मोहीम अशी: आमचं कॉलेज आणि केनियातलं एक कॉलेज मिळून मुलींना रक्त कमी असण्याबद्दल शिकवणार. चार महिने ऑनलाइन बैठका झाल्या. त्यातला निम्मा वेळ "माझा आवाज येतोय का?" यात गेला. उरलेल्या वेळात स्लाइड झाल्या आणि एक पोस्टर, त्यावर भलीमोठी ब्रोकोली. ती ना त्यांच्याकडे कोणी खातं, ना आमच्याकडे. एकमत म्हणतात ते हेच.

मला खरी काळजी होती मनालीची. कळंबची दहावीतली पोर, पट्टीची कबड्डीपटू. तपासणीत रक्त कमी निघालं आणि सरांनी संघाबाहेर बसवलं. महिन्याभराने पुन्हा तपासणी होती. रक्त वाढलं तर संघात, नाहीतर दहावीचं वर्ष बाकावर बसून.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नालासोपारा पश्चिमेहून कळंबला बस जाते. रिक्षावाले मात्र विमानतळाला सोडत असल्यासारखं भाडं सांगतात. गास गावापाशी शेतं लागली की जरा थांबा, रस्त्यालगत ताजी भाजी मिळते. मी पालक घेतला. ब्रोकोली नव्हती, कमालच आहे!

कळंबला अकराला पोचले. समाजमंदिरात खुर्च्या वीस, श्रोते शून्य. वेळ दोन्ही देशांच्या सोयीने ठरवली होती, समुद्राला विचारायचं तेवढं राहिलं. भरतीबरोबर होड्या आल्या होत्या आणि सगळ्या पोरी किनाऱ्यावर मासळी निवडत होत्या.

मनालीची आई हसली. "भरतीचं पानी बघून यायचं ना गो बाय! आता हितंच शिकव. आमचे कान मोकळे हायेत."

मग काय, पोस्टर गुंडाळलं आणि वाळूत बसले. नर्सिंग शिकणारी अकिनी केनियातून व्हिडिओ कॉलवर आली. मी मनालीला विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" तिने मान खाली घातली. मग पुटपुटली, "फेकल्या. घेतल्या की शी काळी होते. मला वाटलं, पोटात रक्त जातंय."

मी अकिनीला इंग्रजीत सांगितलं. ती खदखदून हसली. तिचं उत्तर मी मराठीत केलं: "माझीपण काळी व्हायची! घाबरून मी गोळ्या गादीखाली लपवल्या होत्या. अगं, तो गोळीतल्या लोहाचा रंग. गोळी जेवल्यावर घे, वर लगेच चहा नको." आणि मग मला एकटीला म्हणाली, "हे मी स्लाइडवर लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. मीच काढून टाकलं होतं. 'आमच्या संस्कृतीत असलं बोलत नाहीत,' असा शेराही मारला होता. आणि इथे आमची संस्कृती बोंबील निवडता निवडता शीबद्दल खुशाल बोलत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्या सोवळेपणापायी या पोरीचा महिना वाया गेला असता.

"आजपासून घेते," मनाली म्हणाली. मग डोळे बारीक करून, "ताई, तुमीपन घेता काय?"

"हो तर!"

दुपारी तिच्या आईने भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण वाढलं. किनाऱ्यावरच्या कॉटेजमध्ये थाळी मिळते, पण ही चव तिथे शोधू नका.

संध्याकाळी घरी पोचले. पालक निवडताना आईने विचारलं, "काय शिकवलंस मग?" मी काळ्या रंगाची गोष्ट अगदी तज्ज्ञासारखी समजावून सांगितली.

"अगं बाई! म्हणून बंद केल्यास होय तू?" आई उठली, माझ्या कपाटातल्या स्वेटरखालून गोळ्यांचं भरलेलं पाकीट काढून आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. "आधी जेव. आणि चहा मागायचा नाही."

मी मुकाट्याने जेवले आणि गोळी घेतली.