आंजर्ल्यापासून आमदारांपर्यंत

पहाटे स्वारगेटहून सुटलेली एस.टी. वरंधा घाट उतरून महाडला आली, तोवर माझा स्वेटर पिशवीत गेला होता. पुढे पोलादपूर, कशेडी घाट, खेड. खेडनंतर रस्ता पुन्हा चढू लागला आणि खिडकीतून गारवा आला. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, मध्येच एखादा सडा (जांभ्या दगडाचा उघडा माळ) आणि त्यावर नोव्हेंबरात पिवळं पडलेलं गवत. शेजारी बसलेले शेतकरी गृहस्थ खेडपासून मला दापोलीची थंडी किती चांगली ते सांगत होते, जणू ती त्यांनीच लावून वाढवली होती.

गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. पुण्यात मी समुपदेशनाचं काम करीत असे आणि जोडीला गावोगावच्या समुपदेशकांना एक धडा देत असे : लोकप्रतिनिधींपुढे आपलं म्हणणं कसं मांडायचं. मनोरुग्णांसाठी तेव्हा इंग्रजांच्या वेळचाच कायदा चालू होता. दिल्लीत नव्या कायद्याची बोलणी सुरू होती. पण तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी मनोविकारतज्ज्ञ यावा, ही मागणी राज्याकडेच करायला हवी होती. नागपूरचं अधिवेशन तोंडावर आलं होतं, आणि त्या भागातले एक आमदार मंगळवारी दापोलीच्या विश्रामगृहात आम्हाला दहा मिनिटं देणार होते. त्या दहा मिनिटांसाठी मी शुक्रवारीच निघाले होते.

स्टँडवर कुंदाताई घ्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी. आधी शिक्षिका होत्या, मग मुंबईला जाऊन समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन दापोलीत एका खोलीत काम सुरू केलं. त्यांच्या चिऱ्याच्या घरात कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असं जेवण झालं. मी सोलकढीची तिसरी वाटी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “घ्या हो. पुण्याला परत गेलात की ताकच आहे.”

शनिवारी वर्ग भरला. तालुक्यातले पाच समुपदेशक होते. मी आमदार झाले. घड्याळ पाहिलं, मध्येच फोन आल्याचं नाटक केलं, “यात माझ्या लोकांचा काय फायदा?” असं तोडून विचारलं. सगळे आधी हसले, मग गडबडले, दुपारपर्यंत सरावले. कुंदाताई मात्र माझ्या डोळ्याला डोळा भिडवून शांतपणे बोलत. त्यांनाच पुढे करायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

“आता एकच करा,” मी त्यांना म्हटलं. “तुमच्याकडे येणारं एखादं कुटुंब सोबत घ्या. आईनं दोन वाक्यं सांगितली तरी पुरे. आमदार ते विसरणार नाहीत.”

“नाही,” कुंदाताई म्हणाल्या.

“का?”

“बाई, लहान तालुका आहे हा. विश्रामगृहात कोण गेलं ते संध्याकाळी बाजारात कळतं. त्या घरातली मुलगी लग्नाची असेल तर?”

“मग नाव न घेता तुम्हीच गोष्ट सांगा.”

“नाव न घेताही इथं माणूस ओळखतात. माझ्या खोलीत जे बोललं गेलं, ते मला दिलेलं नाही. फक्त ठेवायला दिलंय.”

मी जरा चिडलेच. आठ वर्षं मी हे शिकवत होते. माणसाच्या गोष्टीवाचून पुढारी हलत नाही, असा माझा अनुभव होता. “मग दहा मिनिटं बोलणार काय?” मी विचारलं.

कुंदाताई म्हणाल्या, “रस्ता सांगीन. रस्ता कुणाच्याच घरचा नाही. उद्या याल माझ्याबरोबर?”

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही हर्णेला उतरलो. किनाऱ्याला होड्या लागल्या होत्या, काठ्यांवर मासळी सुकत होती. तिथून चालत खाडीवर आलो. पलीकडे आंजर्ले, वर कड्यावर गणपतीचं देऊळ. तर (खाडी ओलांडणारी होडी) काशीदादा चालवत होते, पन्नाशीचे, सडपातळ. चढताना माझा पाय चिखलात रुतला आणि चप्पल आतच राहिली. दादांनी कोपरापर्यंत हात घालून ती काढली, खाडीत धुतली आणि माझ्यासमोर ठेवली.

“सावकाश गो बाय. खाडी काय पळून जात नाय.”

आंजर्ल्यात कुंदाताईंच्या मैत्रिणीकडे गरम घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) खाल्लं. मग कुंदाताईंनी पिशवीतून वही काढून वेळ लिहिली आणि म्हणाल्या, “आता आपण रुग्ण आणि त्याची आई. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून औषध आणायला निघालोय.”

पुन्हा तरीवर आलो. कुंदाताईंनी आपण काय करतोय ते काशीदादांना सांगितलं. त्यांनी मान डोलावून होडी पाण्यात लोटली. मग म्हणाले, “तसं कोण माणूस आला ना, की मी त्या खेपंला दुसरं गिऱ्हाईक घेत नाय. लोकं टकामका बघतात. त्यानं बिचारा आणखी बिथरतो. एकट्यालाच पार करून देतो.”

“दादा, हे मी आमदारांना सांगू?”

“माझा सांगा. त्या माणसांचा नको.”

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाण्याकडे बघत बसले.

हर्णेची गाडी पाच मिनिटांनी चुकली. दापोलीत पोचलो तर रत्नागिरीची गाडी खच्चून भरलेली. दुसरी दोन तासांनी होती. स्टँडच्या बाकावर ऊन येऊ लागलं. मी भुकेनं आणि घामानं वैतागले, आणि मी तर धडधाकट होते. ज्याच्या कानात कुणी सतत बोलत असतं, जो गर्दीला घाबरतो, त्याला त्याच्या आईनं इथे दोन तास कसं बसवून ठेवायचं? हा प्रश्न मी कित्येकदा निवेदनात लिहिला होता. त्या बाकावर तो पहिल्यांदा मला पडला.

खेड, चिपळूण, संगमेश्वर. रत्नागिरीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रविवार नसता, तरी बाह्यरुग्ण विभाग केव्हाच बंद झाला असता. आम्हाला कुंदाताईंच्या मावशीचं घर होतं, सुरमईचं कालवण होतं. “ज्यांना मावशी नाही ते कुठं राहतात?” मी विचारलं. “बहुतेक स्टँडवर,” त्या म्हणाल्या. सोमवारी सगळा रस्ता उलटा करून आम्ही दापोलीला परतलो.

मंगळवारी आमदार पाऊण तास उशिरा आले. पाय ओढत, दमलेले. मी टाइप केलेलं चार पानी निवेदन पुढे केलं. त्यांनी ते न वाचता बाजूला ठेवलं. कुंदाताईंनी वही उघडली.

त्यांनी आवाज चढवला नाही. तर किती वाजता सुटली, गाडी कुठे चुकली, बाकावर ऊन कधी आलं, रत्नागिरीत दार कधी बंद होतं, एवढंच सांगितलं. मग काशीदादांच्या रिकाम्या खेपेचं. “साहेब, तो होडीवाला आपल्याकडून होईल ते करतो. बाकीचा रस्ता आमच्या हातात नाही.”

आमदार घड्याळाकडे पाहत नव्हते. “त्या तरीनं मी लहानपणी आजोळी जायचो,” ते म्हणाले. मग एकदम विचारलं, “हे वेड्यांचं नागपूरला मी नेमकं काय विचारू? मला या विषयातलं काही कळत नाही.”

“लिहून देते,” असं म्हणून कुंदाताई विश्रामगृहाच्या पायरीवर बसल्या आणि गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी प्रश्न लिहिला. चार ओळी. आमदारांनी तो मोठ्यानं वाचला : “तालुक्याच्या ठिकाणी मनोरुग्णांसाठी...” क्षणभर थांबले. “मनोरुग्ण,” स्वतःशीच पुन्हा म्हणाले, आणि कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. दहाची पंचवीस मिनिटं झाली होती.

बुधवारी परतीच्या गाडीत बसताना मी कुंदाताईंना म्हटलं, “शिकवायला मी आले होते.” त्या हसल्या. “पण बाई, तुम्ही घड्याळ बघायचं नाटक केलं नसतं, तर काल मी घाबरले असते.”

घाट चढताना मी आठवत होते. इतक्या वर्षांत किती जणांना मी किती सहज सांगितलं होतं, की एखादं कुटुंब सोबत आणा. ती कुटुंबं घरी परतल्यावर त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात मी पहिला दिवस रस्त्याला दिला. आणि काय सांगायचं नाही, ते आधी ठरवू लागले.

प्रश्न विचारला गेला. उत्तर गोलमोल आलं. आमदारांनी पाठपुरावा सोडला नाही, कुंदाताईंनी आमदारांना सोडलं नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर कुंदाताईंचं पोस्टकार्ड आलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दापोलीला डॉक्टर येऊ लागले होते. एक टेबल, दोन खुर्च्या आणि औषधांचं कपाट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : “पहिल्या दिवशी तीनच माणसं आली. कोण ते विचारू नका. पण तिघंही रात्री आपापल्या घरी जेवली.”